बाबांची झोप, माझी झोप

बाबा, मी आता नीट झोपते. ही काही खास सांगण्याजोगी गोष्ट आहे का, असं कोणी म्हणेल, पण तुम्ही म्हणणार नाही. आपल्या घरात झोपेवरून खूप हसणं झालं, टोमणे झाले, पण नीट बोलणं कधीच झालं नाही. तुम्ही घोरायचात तेव्हा भाऊ तुमची नक्कल करायचा आणि तुम्हीच सगळ्यांत जोरात हसायचात. दिवसा तुमचा डोळा लागला की आई वैतागायची. तुम्ही एवढे दमता कशाने, हे मात्र कोणी विचारलं नाही. मलाही ते विचारायला स्वतःच्या आजारपणाची वाट पाहावी लागली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कोहमाऱ्याहून स्कूटीने घरी येत होते. रस्ता सरळ, दोन्हीकडे धानाचं रोवणं चाललेलं, आणि पुढचं मला काहीच आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा स्कूटी रस्ता सोडून धानाच्या बांधीत उतरली होती आणि मी चिखलात बसले होते. रोवणाऱ्या बाया धावत आल्या. "मॅडम, चक्कर आली का?" मी हो म्हटलं. चक्कर आली नव्हती, मी चालत्या गाडीवर झोपले होते. घरी आल्यावर तुमच्या जावयाला खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत, खाटेवर बसले आणि म्हणाले, "तू घोरते, त्याचं काही नाही. पण मधातच आवाज बंद होते. श्वासच थांबते तुहा. मंग एकदम दचकून हवा घेते. मले भेव लागते, मी जागाच राहतो." किती दिवसांपासून, विचारलं तर म्हणाले, "लय दिवस झाले. तुले कायले सांगू, तू आधीच थकून राहते."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला गोंदियाला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बरंच विचारलं. सकाळी डोकं दुखतं का, दुपारी बसल्या बसल्या डुलकी येते का, आणि मग, "घरात आणखी कोणी घोरायचं? झोपेत कोणी गेलंय का?" मी दोन्हीला हो म्हटलं. तुम्ही झोपेतच गेलात. आई सकाळी चहा घेऊन उठवायला आली आणि तुम्ही उठला नाहीत. सगळं गाव म्हणालं, किती पुण्यवान माणूस, कुणाला त्रास नाही, स्वतःला त्रास नाही. त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली.

तपासणीसाठी रात्रभर दवाखान्यात झोपायचं होतं. एका तरुण मुलीने माझ्या डोक्याला चिकट मलम लावून त्यावर वायरी बसवल्या, छातीला आणि पोटाला पट्टे बांधले, बोटाला चिमटा, नाकाखाली बारीक नळी. मी म्हटलं, एवढ्या पसाऱ्यात झोप कशी येणार? ती हसली. "दीदी, सबको यही लगता है. फिर सब सो जाते हैं." मीही झोपले. सकाळी केसांतलं मलम निघता निघेना. नंतर डॉक्टरांनी पडद्यावर एक रेघ दाखवली. रेघ वरखाली होत जाते, मग सपाट होते, सपाटच राहते, आणि मग एकदम उसळते. "हा प्रत्येक सपाट भाग म्हणजे तुमचा श्वास थांबलेला आहे. घसा आतून मिटतो. मेंदू तुम्हाला थोडंसं जागं करतो, म्हणून श्वास परत येतो. रात्रभर हेच चालतं. तुम्ही झोपता, पण विश्रांती होत नाही."

ती रेघ बघताना मला राइस मिल दिसली, बाबा. मी शाळेत जाणारी, तुमचा डबा घेऊन आलेली. तुम्ही तांदळाच्या पोत्यांची तोंडं शिवत बसला आहात आणि शिवता शिवताच तुमची मान खाली गेली आहे, दाभण तसंच हातात. मालक मागून येतो. "क्यों रे, घर में सोने नहीं देते क्या?" सगळे हसतात. तुम्हीही हसता, डोळे पुसता आणि दाभण पोत्यात घालता. मग डबा उघडून मला म्हणता, "आज भाजी मस्त झाली, मायले सांगजो." मालकाबद्दल एक शब्द नाही. त्या पहाटे तुम्ही बांधीला पाणी देऊन आला होतात, मग सायकल मारत मिलमध्ये. आळशी माणूस असं करतो का? पण तुम्हाला आळशी म्हणणाऱ्यांत शहाणीसुरती माणसं होती, आणि तुम्ही स्वतःही त्यांत होतात. "मीच झोपाळू," असं म्हणायचात.

दहावीच्या वर्षी तर तुम्ही खाटच बाहेर नेली. तुमच्या घोरण्याने माझा अभ्यास होत नव्हता, झोप मोडत होती, पण मी तक्रार केली नव्हती. तुम्हाला तुमचं कळलं. पौषाच्या थंडीत तुम्ही धानाच्या वाळल्या तणसाच्या ढिगाजवळ दोन चादरी घेऊन झोपायचात आणि आई ओरडली की म्हणायचात, "तणसात गरम राहते." मी शिक्षिका झाले ती त्या खाटेमुळे, असं मी कुणाला सांगितलं नाही. नोकरी लागल्यावर एकदा मी तुमच्याजवळ कुरकुरले होते, वर्गात एक मुलगी रोज झोपते, तिला आता बाहेर उभं करते. तुम्ही एरवी मला कधी रागावला नाहीत, तेव्हा रागावलात. "झोपलेल्या लेकराले शिक्षा करू नोको. काऊन झोपते, ते विचार." मी विचारलं. तिची आई आजारी होती, घरचं सगळं तीच करायची. मी तिला मागच्या बाकावर दप्तर उशाशी घेऊन झोपू दिलं. ती आता नर्स आहे, भेटली की अजून पाया पडते. तो नमस्कार खरं तर तुमचा.

डॉक्टरांनी रात्री घसा मिटू नये म्हणून हवा सोडणारं मशीन दिलं. त्याच्याशी मात्र माझं लवकर जमलं नाही. नाकावर मास्क, त्याला लांब नळी, आणि उशाशी डब्यातून सतत हवा. घसा कोरडा पडायचा, मास्क सरकला की हवा डोळ्यांत जायची, झोपेत मी तो ओढून फेकायची. नवऱ्यासमोर लाज वाटायची. ते म्हणाले, "बिरसीच्या विमानतळावरच्या पायलटवानी दिसून राहिली." मी रडता रडता हसले. दवाखान्यातल्या मुलीने फोनवर सांगितलं, दिवसा घालून बसा, सवय होईल. म्हणून मी दुपारी मास्क लावून तांदूळ निवडत बसले. शेजारीण साखर मागायला आली, वाटी दारातच टाकून ओरडली, "अवो मास्तरीणबाई, ऑक्सिजन लागला का वो!" संध्याकाळपर्यंत अर्धं गाव विचारायला येऊन गेलं. लाईट गेली की मशीन बंद, म्हणून यांनी इन्व्हर्टर बसवला. मी दोनदा मशीन परत करायला निघाले. दोन्ही वेळा ते म्हणाले, आजची रात्र घाल, उद्या बघू.

आणि एका सकाळी मी उठले तर डोकं दुखत नव्हतं. तेवढंच. बाहेर येऊन उभी राहिले, हातपाय हलके, आणि कळेना की काय वेगळं आहे. मग कळलं, बाकीची माणसं रोज अशी उठतात. तुम्ही आठवलात. खाटेच्या काठावर दोन्ही हातांनी डोकं धरून बसलेले, काळ्या चहाची वाट बघणारे. अशी एक तरी सकाळ तुम्हाला मिळाली का? ती न मिळताही तुम्ही आम्हाला वाढवलंत, बांधी केली, मिल केली, हसलात. मी तो थकवा भोगला आहे, म्हणून तुम्ही काय केलंत ते मला आता नेमकं माहीत आहे.

मी डॉक्टरांना तुमच्याबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, "हाच त्रास असण्याची बरीच शक्यता आहे. पण ते कशाने गेले, हे आज कोणीच सांगू शकणार नाही."

गेल्या महिन्यात आई राहायला आली. मशीन हातात घेऊन तिने उलटसुलट पाहिलं, माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. मग ते खाली ठेवून म्हणाली, "तुह्या बाबालेही असंच होतं का? हे असतं तं ते वाचले असते का?" मी लगेच म्हटलं, "नाही आई. मी डॉक्टरांना विचारलं. बाबांचं वेगळं होतं." तिने मान हलवली, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याच खाटेवर आडवी झाली. थोड्या वेळात तिला गाढ झोप लागली. बाबा, मी तिच्याशी खोटं बोलले, आणि ती उठेपर्यंत तिचा श्वास बघत बसले.