खोली मंजूर, माणूस नाही

२० मार्च
होळीपासून लिहायचं टाळून राह्यलो. कारण काही नाही, आळस. मधे कळंबले गेलतो, मंडपवाल्याशी दोस्ती झाली, तिथंच रमलो. आता पांढरकवड्यात युसूफचाचाच्या हाताखाली. भिंती रंगवायच्या.

काम सरकारी दवाखान्यातलं. तरुण पोरांच्या मनाच्या तक्रारींसाठी नवी खोली. म्हटलं, आपल्या दीपकसाठीच काढली. धाकटा भाऊ माझा. बारावीनंतर बोलणं बंद, दिवाळीपासून उंबरठा ओलांडला नाही. तांडा इथून जवळ, पण याडीनं, आमच्या मायनं, किती हात धरून ओढलं तरी पोरगा हलत नाही.

२३ मार्च
खोलीत सोफा आला, एसी आला, काचपेटीत मासे आले. मोठ्या बाबूले विचारलं, "समुपदेशक कधी येते?"
"पद मंजूर व्हायचं आहे."
"मंग एसी कायले?"
"मार्च एंड आहे बावा. निधी वापस गेला तं पुढच्या साली कोण देते?"
म्हंजे मासे वेळेवर रुजू झाले. वा रे सरकार.

२६ मार्च
भिंतीवर हसणारा पोरगा काढला. दवाखान्याच्या साहेबाचा निरोप: दात आणखी पांढरे करा. चाचा म्हणे, "मंजन बेच रहे क्या ये लोग?" खाली मोठ्या अक्षरात 'मन मोकळं करा'. कोणापाशी, ते लिहायले जागा उरली नाही.

संध्याकाळी घरी फोन. याडीनं मोबाइल दीपकच्या कानाले लावला. त्या खोलीची गोष्ट सांगत साहेब, बाबू, एसी, सगळ्यांची नक्कल केली. तिकडून नुसता श्वास. शेवटी मीच ठेवला.

३० मार्च
उद्घाटन. फोटोले 'लाभार्थी' पाहिजे होता, बाबूनं मलेच दाबून बसवलं. समोर समुपदेशक म्हणून डोळ्यांचे डॉक्टर.
साहेब म्हणे, "बोलताना दिसा."
मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, माह्या भावाले कोण पाहणार?"
डॉक्टर कॅमेऱ्याकडं हसत, दबक्या आवाजात, "मले फक्त चष्म्याचं समजते रे."
एवढा एकच माणूस खरं बोलला.

पेढे संपले, साहेब गेले. बाबूनं खोलीले कुलूप लावलं, किल्ली घेऊन चहाले गेला. मी पायरीवर, ब्रश धुवायचे सोडून हे लिहून राह्यलो. या लोकांच्या...

फाटकातून चाचा ओरडून राह्यले. "अबे संजू! काळीपिवळी से एक लड़का उतरा, खुद को तेरा भाई बोलता! अकेला है! पूछ रहा, वो खोली किधर है?"