मॉनिटर नसलेलं टेबल

आबा, या आठवड्यात मी कामावर भांडले. घरी सांगितलं तर सगळे म्हणतील, जाऊ दे, नोकरी आहे ना. म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, त्यामुळे आधी हे सांगते की मी आता सुरतेतच, पर्वत पाटियाला, साड्यांच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या ऑफिसात आहे. बाहेरगावच्या दुकानदारांच्या ऑर्डरी घ्यायच्या, तक्रारींना उत्तरं लिहायची. माझ्या टेबलावर कीबोर्ड आहे, पायाशी कॉम्प्युटरचा डबा आहे, कानाला हेडफोन. मॉनिटर नाही. स्क्रीन रीडर सगळं बोलून दाखवतो, मी ऐकते आणि बोटांनी काम करते. मॉनिटर मीच काढायला लावला, कारण तो असला की येणारा-जाणारा माझ्या खांद्यावरून वाकून वाचायचा. तर आता रिकाम्या जागेवर लोक आपले जेवणाचे डबे ठेवतात, आणि नवीन माणूस हमखास विचारतो, बेन, तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय का.

तुम्ही आणलेला कॉम्प्युटर आठवतो. माझे डोळे जाऊन पाच वर्षं झालेली, मी नुकती कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागलेली. सुट्टीच्या दिवशी तुम्ही कतारगामहून कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून आणता. तो टीव्हीएवढा जड मॉनिटर छातीशी धरून तुम्ही जिना चढताय, तुमचा श्वास मला दारातूनच ऐकू येतो. आई भाकरी थापायची थांबते. शेजारीण बघायला आलेली. मी मॉनिटरच्या काचेवरून हात फिरवते आणि तिच्यासमोरच म्हणते, "आबा, हा कशाला आणला? मला काय दिसणारे यात?" तुम्ही आधी वायर खोचलीत. मग म्हणालात, "तुले नही दिसस. मले तं दिसस ना."

पुढे दोन-तीन वर्षं लूमच्या कारखान्यातून आलात की तुम्ही माझ्याजवळ स्टूल ओढून बसायचात. इंग्रजी अक्षर तुम्हाला ओळखता येत नव्हतं. पण मी टाइप करू लागले की सांगायचात, "उमटी ऱ्हायनं." मधेच स्क्रीन रीडरचा आवाज बंद पडला की सांगायचात, चौकोन आलाय, खाली दोन खाने आहेत, डावा निळा आहे. मी त्यावरून अंदाज बांधायचे. चुकले की तुम्हालाच ओरडायचे, नीट सांगा ना, निळा म्हणजे काय. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सांगायचात.

आता ऐका. सहा महिन्यांपूर्वी मालकांनी ऑर्डरींसाठी नवीन सॉफ्टवेअर आणलं. डोळस लोकांना त्यात सुंदर चित्रं दिसतात म्हणे. मला प्रत्येक चित्रावर एकच शब्द ऐकू येतो: बटन. त्याला नावच दिलेलं नाही. सॉफ्टवेअरवाला बसवायला आला तेव्हा माझ्या टेबलापाशी थबकला. "बेन, स्क्रीन क्यां छे?" मी म्हटलं, नथी. "तो हुं जोउं शेमां?" मग मी बघू कशात, म्हणाला. दुसऱ्या टेबलावरचा मॉनिटर उचलून आणला, माझा हात कीबोर्डवरून बाजूला केला, दहा मिनिटांत काम उरकलं आणि मॉनिटर घेऊन गेला. मला एक अक्षर सांगितलं नाही.

मालक मनाने वाईट नाहीत. म्हणाले, "बेन, तमे फोन पर बेसो ने. आ काम बीजाने आपी दउं." म्हणजे माझं काम दुसऱ्याला आणि मला फोन. फोन म्हणजे नुसतं हॅलो म्हणायचं आणि लाइन जोडून द्यायची. मी म्हटलं, महिनाभर द्या. मग मी बटनं मोजून पाठ केली. अकराव्याने ऑर्डर जाते, बाराव्याने रद्द होते. चाललं. पण एके दिवशी सॉफ्टवेअर आपोआप नवीन झालं, मधे एक बटन वाढलं, आणि माझं सगळं पाठांतर एका घराने सरकलं. मालेगावच्या एका दुकानदाराची लग्नसराईची अख्खी ऑर्डर गेलीच नाही. चार दिवसांनी त्याचा फोन, "ताई, माल निघाला ना?" काय उत्तर देऊ, आबा? चूक माझ्या बोटाची होती आणि माझी नव्हतीही. मी सॉफ्टवेअरवाल्यांच्या ऑफिसात फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, मॅडम, आजतक किसीने कम्प्लेंट नहीं किया. मी दर सोमवारी तक्रार लिहू लागले. उत्तर एकदाही आलं नाही.

या सोमवारी तोच सॉफ्टवेअरवाला दुसऱ्या कामासाठी आला. मी हेडफोनची पिन उपसली, आवाज पूर्ण वाढवला आणि एकेक बटनावर जाऊ लागले. बटन. बटन. बटन. मालक केबिनमधून बाहेर आले. मी थांबले नाही, शेवटच्या बटनापर्यंत गेले. मालकांनी त्याला विचारलं, यांना नावं का नाहीत? तो म्हणाला, द्यावी लागतील. किती वेळ लागेल? "बे दिवस, शेठ."

दोन दिवस. सहा महिने मी घरी गेल्यावरही झोपेत बटनं मोजत होते, आणि काम दोन दिवसांचं होतं. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. आवाज चढला होता एवढं खरं. आज गुरुवार. बहुतेक बटनं आता बोलतात. दोन अजून मुकी आहेत, आणि तो म्हणतो ती फारशी कुणाला लागत नाहीत. शेजारच्या टेबलावरची बाई मला म्हणाली, "बेन, तमे तो जबरा." सगळ्यांना वाटतंय मी जिंकले. मला मात्र अजून राग येतोय, आणि उद्या पुन्हा काहीतरी सरकेल हेही ठाऊक आहे.

हे पत्र मी जेवणाच्या सुट्टीत टाइप केलंय. छापून कुणाला द्यायचं नाही. फक्त एक गोष्ट घरी कुणाला सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. मालक फोनवर बसा म्हणाले ना, तेव्हा मी लगेच 'नको' म्हटलं नव्हतं. क्षणभर मला बरं वाटलं होतं.