माझ्या थडग्याचं गाणं

रॉयस गाढवा,

तुझ्या गाण्यात तू मला मारलंस, पुरलंस आणि वर पाऊसही पाडलास. अलाबामातला एकही दारूचा गुत्ता आता त्या गाण्याशिवाय चालत नाही. गिटार घेतलेलं प्रत्येक पोरगं तुझ्यासारखं नाकात गातं.

परवा चर्चमागच्या थडग्यांवर फुलं घालायचा दिवस होता. तुझ्या आजोबांच्या दगडावरचं शेवाळ मी घासत होते. तेवढ्यात एक अनोळखी पोरगी फुलं घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, त्या गाण्यातल्या वर्लीनला कुठे पुरलंय हो?"

"पुरायला अजून वेळ आहे," मी म्हटलं. "तोवर ही बादली धर."

पोरगी आधी पांढरीफटक पडली, मग माझ्या गळ्यात पडून रडली. तिची आजी खरंच गेली होती, आणि हिचं भेटायला जायचं राहून गेलं होतं. "तुमच्या नातवाचं गाणं ऐकलं, तेव्हा कुठे मला रडू आलं," म्हणाली.

"मला तर ते ऐकून दाढ दुखते," मी म्हटलं आणि तिला आमच्यात जेवायला बसवलं.

म्हणजे गाणं चांगलं आहे. गात राहा. पण तीन वर्षं तू लोकांसमोर माझ्यासाठी रडतोयस आणि इथे पाऊल टाकत नाहीस. त्या पोरीसारखा उशीर करू नकोस.

हे पत्र मी टपालपेटीत टाकणार नाही. टाकलं तर तू त्याचंही गाणं करशील, आणि यायचं राहूनच जाईल.

अजून धडधाकट असलेली तुझी आजी,
वर्लीन