आखाजीला गेलेला माल

॥ श्री ॥

झोटवाडा, जयपूर
दि. १२ नोव्हेंबर २००६

ती. बाबांना मैथिलीचा सा. न. वि. वि.

दिवाळीचा डबा आणि त्यातलं तुमचं पत्र, दोन्ही मिळालं. आईच्या शेवेत या वेळी तिखट जरा सढळ पडलं होतं, पण आर्यनने डोळे पुसत पुसत सगळी संपवली. संकल्प हसतो, आजकाल पत्र कोण लिहितं म्हणून. मी त्याला सांगितलं की बाबांचे कान आधी रेल्वेच्या वर्कशॉपने नेले आणि उरलेसुरले आपल्याच कारखान्याने. फोनवर आईला निरोप दिला की तो तुमच्यापर्यंत पोचेतो अर्धा होतो. तेव्हा पत्रच बरं.

कारखाना ठीक चालू आहे. कूलरचे पंखे रोज दीडशे निघतात. अहमदाबादच्या एका कूलरवाल्यांना होळीपासून रोज तीनशे हवेत. मतलब दुप्पट! मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. तुम्ही कारखाना माझ्या हाती देऊन सावद्याला गेलात त्याला दोन वर्षं झाली. तुम्ही जेवढा ठेवून गेलात तेवढाच तो अजून आहे, याचं मला मनातून वाईट वाटतं.

म्हणून एक नवीन गोष्ट सुरू केली आहे. आम्ही सात कारखानदार दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कुणा एकाच्या कारखान्यात जमतो. शिकवायला बाहेरचं कुणी नसतं. ज्याचा कारखाना असेल त्याने सगळं उघडं दाखवायचं आणि मग तासभर गप्प बसायचं. बाकीच्यांनी जे दिसलं ते बोलायचं. स्तुतीला मनाई आहे! या वेळी सांगानेरला सोनमजींच्या हातकागदाच्या कारखान्यात गेलो होतो. कुठला कागद बाद करायचा ते तिथे वाळवणीच्या बायकाच ठरवतात, सोनमजी बघतही नाहीत. तीन वर्षांत त्यांचं काम दुप्पट झालं आणि संध्याकाळी सहाला त्या घरी असतात. मला आपला कारखाना आठवला. तिथे एक स्क्रू बदलायचा तरी सगळे मलाच विचारतात.

आणखी एक. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. या सात जणांत भंवरलालजी जांगिडही आहेत. मला आधी ठाऊक नव्हतं. तुम्ही म्हणाल तर जाणं सोडते.

आईला नमस्कार. तुमचा लोभ आहेच, तो रागावल्यावरही राहू द्यावा.

तुमची,
मैथिली

सावदा, जि. जळगाव
दि. २४ नोव्हेंबर २००६

चि. सौ. मैथिली हिला अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं. ‘मतलब’ला आपल्याकडे ‘म्हणजे’ असा चांगला शब्द आहे. बाकी अक्षर सुधारलं आहे.

इकडे थंडी पडली. तुझ्या मामाच्या केळीच्या बागेत परवा भरताची पार्टी झाली. पन्नास माणसं होती. मला कुणाचं काही ऐकू येत नाही, त्यामुळे मी सगळ्यांना हसून मान हलवतो आणि लोक म्हणतात मोरेश्वर नेहेते फार शांत झाले.

अहमदाबादचं काम मोठं आहे. आपल्या एका प्रेसवर रोज तीनशे पंख्यांची पाती कापली जायची नाहीत. दुसरी प्रेस बसवेपर्यंत होळी निघून जाईल. तू विचार कर.

मंडळात जायचं तर जा. तू लहान नाहीस. मात्र त्या माणसाला पंख्यांचा तोल तपासायचा आपला बॅलन्सिंगचा स्टँड दाखवायची गरज नाही. सात वर्षांची भागी त्याच्याशी होती, ती कशी मोडली ते तुला ठाऊक आहे. त्याच्यावर विश्वास टाकून मी पस्तावलो, एवढंच तुम्हा मुलांना सांगत आलो आणि तेवढं पुरे आहे.

आर्यनला मराठी वाचायला बसव. सर्वांस आशीर्वाद, आणि पत्राला उशीर करू नये.

बाबा

ता. क. मैथू, मी आई. तुझं पत्र आल्यापासून हे दुपारचं धड जेवत नाहीत. विचारलं तर ऐकू आलं नाही असं दाखवतात. पुढच्या पत्रात आर्यनचं काही लिही.

झोटवाडा, जयपूर
दि. १० डिसेंबर २००६

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आईच्या हुकमाप्रमाणे आधी आर्यन. शाळेत त्याला गाव विचारलं तर त्याने सावदा सांगितलं, आणि सावदा कुठे तर केळीजवळ. पूर्ण मार्क मिळाले.

आता रागावू नका. दोन तारखेला मंडळ आपल्या कारखान्यात आलं होतं. स्टँड झाकून ठेवता येत नाही हो बाबा, तो मधोमध आहे. भंवरलालजी त्याच्यापाशी खूप वेळ उभे राहिले. एक पंखा चढवून हाताने फिरवला, थांबेपर्यंत बघितला, परत फिरवला. मग म्हणाले की असं काम जयपुरात दुसरीकडे होत नाही. स्तुतीला मनाई आहे याची सोनमजींनी आठवण करून दिली तेव्हा कानाला हात लावून हसले.

मग तो तास. मी गप्प बसले आणि सगळे बोलले. सोनमजी घड्याळ लावून बसल्या होत्या. म्हणाल्या की तासात अकरा जण मैथिलीला विचारायला आले आणि त्यांतल्या नऊ जणांना उत्तर आधीच माहीत होतं. मला रडूच यायचं बाकी होतं. भंवरलालजींनी मला विचारलं की बॅलन्सिंगवर जी लता बसते तिला माल थांबवायचा अधिकार आहे का. मी म्हटलं, ती मला सांगते आणि मी थांबवते. त्यावर त्यांनी मान हलवली आणि एक जुनी गोष्ट सांगितली.

अठरा वर्षांपूर्वी त्यांच्याकडून पंख्यांचा एक लॉट बॅलन्सिंग न करता गेला. ट्रक दारात उभा होता, घाई होती. चौमूच्या पुढे एका गावच्या शाळेत कूलर सुरू केला आणि पंख्याचं पातं सुटून तिथल्या शिपायाची दोन बोटं गेली. भंवरलालजी म्हणाले की तो माल मी पाठवला होता, माझी चूक होती, आणि त्यातच माझी भागीही मोडली. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते.

बाबा, तुम्ही हे आम्हाला कधीच का सांगितलं नाहीत? मला इतकी वर्षं वाटायचं, काही पैशांचं असेल. आता कळलं तुम्ही वेगळे का झालात, आणि इथे आल्यावर पहिलं काम स्टँड बनवायचं का केलंत. तुमचंच बरोबर होतं. त्यांनी अहमदाबादच्या कामासाठी त्यांची प्रेस देऊ केली आहे, रात्रपाळीला रिकामी असते. पण ज्यांनी तसा माल पाठवला त्यांच्या हातची पाती मला नकोत. जानेवारीत मी त्यांना नाही म्हणून सांगणार आहे. अहमदाबादचं काम गेलं तर गेलं.

तुमचा अभिमान वाटतो. आईला नमस्कार, छोट्यांना कसलं, तिथे छोटं कुणी नाहीच! लोभ वाढतोच आहे, तो तसाच वाढू द्यावा.

मैथिली

सावदा
दि. २६ डिसेंबर २००६

चि. सौ. मैथिली हिला अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. त्यात ‘तुमचंच बरोबर होतं’ असं वाक्य आहे. ते वाचून मी पत्र घडी करून ठेवलं, आणि रोज काढून पुन्हा तेवढंच वाचलं.

तो माल मी पाठवला.

१९८८ साल. आपल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिकडच्या आखातीजला, भंवरलाल बहिणीच्या लग्नासाठी किशनगढला गेला होता. कारखान्यात मी एकटा मालक. ट्रक दारात होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आपल्या फिटरने, पंढरीनाथने, येऊन सांगितलं की चाळीस पंखे बघायचे राहिले आहेत. मी त्याला म्हटलं, चाळीसाने काय होतं, चढव. गेटपासवर सही माझी आहे.

शाळेचं कळलं तेव्हा भंवरलाल परतला होता. चौकशीला माणसं आली. मी टेबलाच्या या बाजूला बसलो होतो, तो त्या बाजूला. त्यांनी विचारलं माल कुणी पाठवला, आणि भंवरलाल म्हणाला, मी. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. मी त्याच क्षणी बोलायला हवं होतं. जीभ उचलली नाही. संध्याकाळी सांगू म्हटलं, मग उद्या सांगू म्हटलं. पुढे त्याच्यासमोर बसणं मला होईना. तो एका शब्दाने बोलला नाही, तेच सहन होईना. मग मी बारीकसारीक भांडणं उकरून काढली आणि भागी मोडली. घरी सांगितलं, त्याने दगा दिला. तू तेव्हा बारा वर्षांची होतीस. तुला खरंच वाटलं आणि मी वाटू दिलं.

स्टँड मी त्यानंतर बनवला हे तुझं खरं. कारण मात्र तू समजतेस ते नाही.

तो शिपाई कोण, पुढे त्याचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

त्याची प्रेस घ्यायची की नाही ते तू ठरव, पण हे माहीत असून ठरव. हे पत्र तुमच्या मंडळात वाच. हिंदीत करताना कुठे मऊ करू नकोस. मला सात माणसांसमोर उभं राहता येत नाही आणि ऐकूही येत नाही, म्हणून तुझ्या तोंडून सांगतो आहे.

यापुढे तुझा लोभ कितपत ठेवायचा ते तुझ्यावर सोडतो.

बाबा

झोटवाडा, जयपूर
दि. १४ जानेवारी २००७

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आज संक्रांत. सगळं जयपूर गच्चीवर आहे. आर्यनने सकाळपासून नऊ पतंग गमावले आणि मी खाली बसून हे लिहिते आहे.

तुमचं पत्र मी एकटीने दोनदा वाचलं. खोटं कशाला सांगू, पहिला दिवस मला तुमचा राग आला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात ट्रक उभा होता, होळीचा माल मागत होते, आणि लताने काही सांगायच्या आत माझ्या तोंडात ‘जाऊ दे’ आलं. गिळलं ते. मग राग तितकासा राहिला नाही.

सहा तारखेला मंडळ भंवरलालजींच्याच कारखान्यात होतं. सुरू व्हायच्या आधी मी म्हटलं की मला एक पत्र वाचायचं आहे. सगळं वाचलं, मऊ केलं नाही. ‘जीभ उचलली नाही’ला हिंदी सापडेना, तेव्हा मराठीतच म्हटलं आणि ते सगळ्यांना समजलं. भंवरलालजी त्या दिवशी यजमान, त्यांना नियमाने तासभर बोलता येईना. शेवटी सोनमजीच म्हणाल्या की नियम राहू दे, भाईसाब, बोला.

ते म्हणाले की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, गेटपास मीच फाईलला लावला होता. मला वाटलं मोरेश्वर संध्याकाळपर्यंत येऊन सांगेल, आणि मग आपण दोघे मिळून रडू. तो आला नाही आणि मी विचारलं नाही. मी ‘मी’ म्हणालो त्यात मैत्री होती तशी फुशारकीही होती. चारचौघांत मोठा झालो आणि मित्राला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. त्याच दिवशी त्याची गचांडी धरली असती तर आज एकच कारखाना असता. एवढं बोलून त्यांनी पगडी काढून मांडीवर ठेवली.

मग ते मला स्टोअरमध्ये घेऊन गेले. तिथे रामनिवासजी म्हणून साठीचे गृहस्थ आहेत, डाव्या हाताने सुंदर अक्षर काढतात. उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. बाबा, हेच ते. शाळेतलं काम पुढे जमेना तेव्हा भंवरलालजींनी त्यांना आणलं. सतरा वर्षं इथेच आहेत. त्यांनी मला बसायला खुर्ची पुसून दिली. माल खरा कुणी पाठवला ते त्यांना ठाऊक नाही. भंवरलालजी बाहेर आल्यावर म्हणाले की हे सांगणं माझ्याकडे नाही, ते मोरूभाईकडे आहे.

काम मी घेतलं आहे. पाती त्यांच्या प्रेसवर, बॅलन्सिंग आपल्याकडे. अहमदाबादला सांगितलं की होळीपासून अडीचशे आणि वैशाखात तीनशे, त्याआधी नाही, आणि ते कबूल झाले. लताला सगळ्यांसमोर सांगितलं की माल थांबवायला मला विचारायचं नाही. गुरुवारी तिने पहिला लॉट थांबवला. तासभर हॉर्न वाजत होता. मी ऑफिसात जाऊन दार लावून बसले, दुसरं काही सुचेना. तिने सत्तावीस पंखे बाजूला काढले आणि मग ट्रक गेला. आता विचारायला येणारे अकराचे चार झाले आहेत. शुक्रवारी सहाला घरी होते, तर संकल्पने विचारलं, तब्येत ठीक आहे ना.

तुम्ही लोभाचं विचारलं होतं. तीळगूळ पाठवते आहे, त्यात उत्तर आहे असं समजा. पण स्टोअरमधल्या त्या माणसाला पत्र पाठवून चालायचं नाही, बाबा.

मैथिली

सावदा
दि. २७ जानेवारी २००७

चि. मैथू,
आईचे अ. आ.

तीळगूळ पोचला. ह्यांनी एक तुकडा खिशात घालून बागेत नेला आणि दुपारी जेवले, दोन भाकरी.

तुझं पत्र ह्यांनी मला स्वतः वाचून दाखवलं, आणि आधीचं स्वतःचंही. मला काहीच ठाऊक नव्हतं असं नाही. दर आखाजीला हे कुठल्यातरी कामाचं निमित्त काढून घराबाहेर जायचे. मी कधी खोदून विचारलं नाही, तेही चुकलंच.

नऊ फेब्रुवारीचं रिझर्वेशन झालं आहे. भुसावळहून निघू. स्टेशनवर कुणी येऊ नका, भंवरलालजींनाही आधी सांगू नकोस. हे म्हणतात की घरी सामान टाकायच्या आधी स्टोअरमध्ये जायचं.

आठ दिवस हे आरशासमोर उभं राहून रामनिवासजींना काय म्हणायचं ते हिंदीत पाठ करताहेत. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून इतक्या मोठ्याने की शेजारच्या प्रतिमालाही आता पाठ झालं आहे. पण परवा मध्येच थांबले आणि मला म्हणाले की मी बोलेन गं, तो काय म्हणेल ते मला ऐकू यायचं नाही.

म्हणून मीही येते आहे. वही आणि पेन घेतलं आहे. तो माणूस जे बोलेल, चांगलं वाईट, ते शब्द न बदलता लिहून ह्यांच्या हातात देईन.

पोचू त्या रात्री दोन ताटं जास्त मांड. आर्यनच्या गालाला हात लाव. बाकी सगळं भेटीअंती.

तुझी,
आई