शिवणवर्गाच्या बोर्डाचं विमान

अगं,

कपाटामागे तुझा शिवणवर्गाचा बोर्ड शोधू नकोस. त्याचं विमान झालंय. रिमोटच्या विमानाचं धड बनवायला हलकं, फुकटचं आणि दणकट काहीतरी हवं होतं. तो पोकळ पन्हळ्यांचा प्लास्टिकचा बोर्ड तिन्ही कसोट्यांना उतरला. वरचा पापुद्रा ब्लेडने चिरला, खालचा शाबूत ठेवला, दुमडून चौकोनी नळी केली, आत लाकडी पट्टी बसवली.

वर्ग बंद होऊन वर्ष झालं म्हणून तुला विचारलं नाही. पण तू तो चादरीत नीट गुंडाळून ठेवला होतास. त्याचा अर्थ चादर सोडतानाच कळायला हवा होता, कळला कापून झाल्यावर. चुकलं माझं.

आज सकाळी मैदानावर विमान तीनदा नाकावर आपटलं. दोष चालवणाऱ्याचा; धडाला ओरखडाही नाही. तिसऱ्यांदा ते फिरायला आलेल्या दोघी बायकांच्या पुढ्यात पडलं. त्यांनी उचलून पोटावरचं "शिवणवर्ग, प्रवेश सुरू" वाचलं आणि विचारलं, "काका, कधीपासून?" काका म्हणाल्या, तेही मी सोडून दिलं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि "एक तारखेपासून" म्हणालो.

मशीनला तेल घातलंय. नवा बोर्ड सांगायला दुकानात गेलोय. वेळ सकाळची घालू की दुपारची, तेवढं फोनवर सांग. वर्ग नकोच असेल, तर त्या दोघींना तूच सांग. मला ते जमणार नाही.