समीक्षकाला आवडलेली नटी

साकोली, शनिवार संध्याकाळ

माझी नोकरी गेली, त्यावर मीच केलेल्या विनोदी माहितीपटाचं परीक्षण आज पेपरात आलं. नागपूरच्या समीक्षकाला बाकी सगळं कंटाळवाणं वाटलं. आवडली ती फक्त डबा घासता घासता नवऱ्याला झोडपणारी ‘झाडीपट्टी रंगभूमीवरची मुरलेली नटी’. नटी कसली, माझी बायको सुनंदा. तिने ते उभ्यानेच वाचलं.

“नागपूरच्या खेळात लोकं हासले?”

“पोट धरून.”

“मी तं रडून राहिली होती जी.”

मुरलेली नटी म्हणे. कॅमेरा माझ्याच हातात होता, मग मला कसं दिसलं नाही? की दिसलं होतं? तेवढं कापलं तर उरते नुसती माझी बडबड.

“उद्या इथं खेळ आहे न? मी पडद्याजवळ खुर्ची टाकीन, लोकायकडे तोंड करून,” ती म्हणाली. “मंग हासा म्हणा.”