पांढरे दिसेल ते पुसू नये

तो कागद कुंडीखालीच राहू द्या, पाणी टिपेल, असे मी वन्संना सांगितले आणि हा नवा घेतला. मृत्युपत्राचा आधीचा मसुदा त्या कागदावर होता. तो आता लिंबाच्या कुंडीखाली भिजतो आहे. त्यातले काहीही ग्राह्य धरू नये.

मी, दातांच्या कवळ्या घडवणारी, आता निवृत्त, हे स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. खुबा नवा बसवला आहे, बाकीचे जुनेच चालते. कोणाचा दबाव नाही. वन्सं दारात उभ्या आहेत, पण त्या नेहमीच दारात उभ्या असतात. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. नवरा गेला, त्या राहिल्या. मुलगा एकच, तो दूरच्या शहरात असतो.

एक. हे तीन खोल्यांचे घर माझ्या कमाईचे आहे. मालकी मुलाला देते. परंतु वन्संना हयातीपर्यंत इथे राहण्याचा हक्क राहील. तोवर घर विकू नये, भाड्याने देऊ नये. बाळा, "आत्याला चांगल्या आश्रमात ठेवू, तिथे सोबत असते," असे तू फोनवर म्हणालास. तिला सोबत झाडांची आहे आणि आश्रमात ती नेता येत नाहीत. मी चौकशी केली.

भिजलेल्या मसुद्यात हा हक्क नव्हता. का नव्हता तेही लिहिते, म्हणजे मागून कोणी तर्क लढवायला नको.

झाडांवर पिठ्या ढेकूण पडला होता. तो पानाच्या बेचक्यात कापसासारखा बसतो आणि रस पितो. विषारी फवारा मी घरात येऊ देत नाही. आपण त्याच खोल्यांत झोपतो. साबणाचे पाणी झाले, निंबोळीचे तेल झाले. शेवटी ढालकिड्यांच्या अळ्या मागवल्या. त्या पिठ्या खातात. पानापानावर सोडल्या आणि खुब्यासाठी दवाखान्यात भरती झाले. परत आले तर झाडे लख्ख. वन्संनी एकेक पान स्पिरिटच्या बोळ्याने पुसले होते. ढालकिड्याची अळीही पांढरी, झिपरी, थेट पिठ्यासारखी दिसते.

"अहो, ते आपले होते!"

"मला काय ठाऊक? तुम्हीच सांगितलंत ना वहिनी, पांढरं दिसलं की पुसायचं. इतकी वर्षं तेच करतेय."

"त्यांना पाय होते!"

"पिठ्यालाही असतात. मी काय पाय मोजत बसू?"

मातीत लपलेला पिठ्या लवकरच परत आला. आपले आले नाहीत. मी बोलणे टाकले आणि मसुदा लिहिला. त्यात वन्संना फक्त एक पलंग होता.

आज दुपारी त्यांनी हाक मारली. "वहिनी, इकडे या. भांडण नंतर करू."

होयाच्या वेलीपाशी वाकून उभ्या होत्या. "हे एक पुसलं नाही. मघापासून बघतेय. पिठ्या बसल्या जागी खातो. हे चालत जाऊन खातंय. आपलं ना?"

मी भिंग लावले. आपलेच होते. पानामागे आणखी दोन होते. वन्संच्या हातातला बोळा वाळून गेला होता.

दोन. मेण कोरायच्या सुऱ्या आणि कुंचले माझ्या जागी आलेल्या कारागिराला द्यावेत. मी निघाले त्याच दिवशी त्याने माझे स्टूल उंच करून घेतले. तरी द्यावेत, हात चांगला आहे. भिंग मात्र वन्संना.

तीन. वन्संची कवळी मी घडवली असली तरी ती त्यांचीच. या मृत्युपत्रात मोडत नाही.

चार. बँकेतली शिल्लक मुलाला आणि वन्संना निम्मी निम्मी.

पाच. "फवारा मारा आणि मोकळ्या व्हा," असे ऊठसूट सांगणाऱ्या तळमजल्यावरच्या बाईंना रबराचे झाड द्यावे. ते त्यांच्याकडेही जगेल.

सहा. बाकी सर्व झाडे वन्संची. नवे रोप आणले तर काही आठवडे वेगळे ठेवावे. पुसण्याआधी भिंगातून पाहावे. मुंग्या दिसल्या तर आधी त्यांची वाट बंद करावी. त्या पिठ्याची राखण करतात. ढालकिडे मोठे झाले की दिव्यावर आपटतील. आपटू द्यावेत.

हे सारे वन्संना वाचून दाखवले. पहिल्या कलमाशी त्यांनी मला थांबवले आणि ते पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाल्या, "एवढं कशाला लिहायचं? तुम्ही आहात ना अजून."

"आहे. म्हणून तर सही करता येते."

सही केली. ठिकाण: राहते घर, खिडकीची खोली. दिनांक ११ मार्च.

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या:
१. गल्लीतले डॉक्टर. मी शुद्धीवर असल्याची खात्री त्यांनी चहा घेता घेता केली.
२. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी मजकूर वाचला नाही, वाचायचा प्रयत्न मात्र केला.

मागाहून केलेली नोंद: दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं कोपऱ्यावरून घराची स्वतःची वेगळी किल्ली करून घेऊन आल्या. या घरात आल्यापासून त्या बेल वाजवूनच आत येत. आज वाजवली नाही.